नादाचा परतीचा फेरा

हरिनाम सप्ताह असो, गणेशोत्सव असो, वा शाळेचें स्नेहसंमेलन असो. मंडप उभा राहिला कीं माईक आणि भोंगा हीं दोन साधनें तेथें आलींच. आणि त्यांच्याबरोबर एक अनाहूत पाहुणाही येतो. बुवांचें निरूपण रंगांत आलेलें असतें, श्रोते माना डोलवीत असतात, आणि एकाएकीं कोठून तरी 'कूंऽऽ' असा एक बारीक स्वर निघतो. पापणी लवते न लवते तोंच त्याची किंकाळी होते. लहान मुलें कानांवर हात ठेवतात, वृद्ध माणसें दचकतात, मंडपवाला धांवत जाऊन कसलेंसें बटण पिरगाळतो, आणि 'माईकनें शिट्टी मारली' एवढें बोलून सारे पुन्हां सांवरून बसतात. निरूपण पुढें चालू होतें खरें. पण बुवांनीं जमवीत आणलेला धागा तुटलेला असतो.

ही शिट्टी कोणी मारली? बुवांनीं नाहीं, श्रोत्यांनीं नाहीं, आणि यंत्र बिघडलें म्हणावें तर दुसऱ्या क्षणीं तें सुरळीत चालतें. तेव्हां ही शिट्टी येते कोठून, आणि तिचाच लगाम हातीं धरून सिंथेसायझर नांवाच्या वाद्यांतून संगीत कसें काढतां येतें, हें वाचकांपुढें मांडावें असा या लेखाचा हेतु आहे. हा विषय केवळ तरुणांच्या हौसेचा नाहीं. ज्या घरांत असें एखादें वाद्य आलें आहे, तेथें त्यावरून वडील माणसें आणि मुलें यांच्यांत खटके उडत आहेत. आणि वस्तु समजून न घेतां दिलेला निकाल कोणत्याच पक्षाच्या हिताचा नसतो.

फेऱ्याचें गणित

आमच्या नैयायिकांनीं शब्दाच्या प्रसाराविषयीं दोन दृष्टान्त दिले आहेत. एक वीचीतरंगन्याय, म्हणजे पाण्यावरील लाटेमागून लाट उठावी तसा नादामागून नाद उठतो. आणि दुसरा कदंबमुकुलन्याय, म्हणजे कदंबाच्या गोल कळीचे केसर जसे एकाच वेळीं चहूंकडे फुटतात तसा नाद सर्व दिशांना पसरतो. मंडपांतील शिट्टी समजण्यास या दुसऱ्या न्यायाचा चांगला उपयोग होतो. बुवांचा शब्द माईकमध्यें शिरतो, तारेनें अँप्लिफायरकडे जातो, तेथें कित्येक पटींनीं मोठा होऊन भोंग्यावाटे बाहेर पडतो. हा मोठा झालेला शब्द श्रोत्यांकडेच जाईल असें त्याला कोण सांगणार? तो चहूंकडे पसरतो, आणि त्याचा कांहीं अंश फिरून माईकपाशीं येतो. माईकला आपला आणि परका हा भेद कळत नाहीं. आलेला अंश तो पुन्हां आंत घेतो, तो पुन्हां मोठा होतो, पुन्हां बाहेर पडतो, पुन्हां परततो. शास्त्रीय मराठींत यास 'पुनःप्रदाय' म्हणतात. तरुण मंडळी 'फीडबॅक' म्हणतात. आपण त्यास परतीचा फेरा म्हणूं.

आतां थोडें अंकगणित करूं. समजा, माईक आणि भोंगा यांच्यांत साडेतीन मीटर अंतर आहे. नाद हवेंतून सेकंदाला सुमारें ३४५ मीटर चालतो. म्हणजे हा फेरा एका सेकंदांत जवळजवळ शंभर वेळां पुरा होतो. प्रत्येक फेऱ्यागणिक आवाज जर दहा टक्क्यांनीं वाढत असेल, तर चक्रवाढ व्याजाच्या नियमानें पन्नास फेऱ्यांत, म्हणजे केवळ अर्ध्या सेकंदांत, तो मूळच्या ११७ पट होतो. उलट प्रत्येक फेऱ्यांत तो दहा टक्क्यांनीं घटत असेल, तर त्याच अर्ध्या सेकंदांत तो मूळच्या सुमारें दोनशेंव्या हिश्शावर येऊन विरून जातो. दोन्ही मंडपांत यंत्रें तींच, माणसें तींच. फरक एवढाच कीं, एकींत परतावा एकाहून किंचित् अधिक आहे आणि दुसरींत किंचित् उणा.

परंतु खरी मौज या 'किंचित् उणा' मध्यें आहे. शाळेंत शिकलेली भूमितिश्रेढी वाचकांनीं आठवावी. दर फेऱ्यांत निम्मा आवाज परत येत असेल, तर एक, अधिक अर्धा, अधिक पाव, अशी बेरीज करीत गेल्यास एकूण दोन होतात. मूळ आवाज दुप्पट झाला. नऊदशांश परत येत असेल तर बेरीज दहा होते. शंभरांतले नव्व्याण्णव अंश परत येत असतील तर बेरीज शंभर. परतावा एकाच्या जसजसा निकट जावा तसतसा नाद फुगत जातो. आणि एकास स्पर्श करतांच बेरजेला अंतच राहत नाहीं. सारी कला या शेवटच्या बोटभर जागेंत आहे.

येथें कोणी विचारील, कीं मग सारेच स्वर सारखे कां फुगत नाहींत, एकच शिट्टी कां ऐकूं येते? माजघरांतला झोपाळा आठवावा. झोपाळा मागें येऊन परतूं लागला त्याच क्षणीं जो धक्का बसतो तो त्याला चढवितो. अवेळीं बसलेला धक्का त्याला अडवितो. ज्या स्वराची लाट फेरा पुरा करून बरोबर आपल्या पावलावर पाऊल टाकीत येते, त्या स्वराला परतावा चढवितो, बाकीच्यांना अडवितो. आमच्या साडेतीन मीटरांच्या मंडपांत ही संधि सेकंदाला सुमारें शंभर, दोनशें, तीनशें अशा कंपनसंख्यांच्या स्वरांना मिळेल. त्यांपैकीं ज्याला भोंग्याची आणि मंडपाची सर्वांत अधिक साथ लाभते तो पुढें सरतो. तो वाढतो, पण अँप्लिफायरच्या ताकदीला सीमा असते. त्या सीमेवर आपटून नादाचा गोल आकार चेपला जातो, आणि म्हणून ती शिट्टी इतकी कर्कश लागते.

फेऱ्याला आरंभीं एखादें बीज मात्र लागतें. मंडपांत तें एखाद्याच्या खोकल्याचें असेल, पंख्याच्या घरघरीचें असेल. आणि यंत्राच्या पोटांत तर विजेच्या कणांची स्वाभाविक कुजबुज सदैव चालू असते, ती पुरते. बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून पुन्हां बीज, असा हा बीजांकुरन्याय आहे. तर्कशास्त्रांत न संपणाऱ्या मालिकेला बहुधा अनवस्था म्हणून दोष मानतात. यंत्रशास्त्रानें त्या दोषालाच कामाला जुंपलें.

दोष कामाला लागला

अमेरिकेंत एडविन आर्मस्ट्राँग नांवाच्या तरुणानें, कोलंबिया विद्यापीठांत विद्यार्थी असतांनाच, रेडिओच्या निर्वात नळींतून निघालेला आवाज तिच्याच मुखाकडे परत वळविला, आणि क्षीण संदेश कित्येक पटींनीं स्पष्ट ऐकूं येऊं लागले. या युक्तीचें पेटंट त्याला १९१४ सालीं मिळालें. परतावा थोडा जास्त झाला कीं तोच रेडिओ स्वतः शिट्टी घालूं लागे, आणि शेजाऱ्यांच्या रेडिओंतही तिचा उपद्रव होई. पण याच शिट्टीनें हें दाखवून दिलें कीं, नळी ही केवळ आवाज मोठा करणारी नसून आवाज निर्माण करणारीही होऊं शकते. आज ज्याला ऑसिलेटर म्हणतात त्याचें मर्म हेंच.

पुढें २ ऑगस्ट १९२७ रोजीं हॅरोल्ड ब्लॅक नांवाचा अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या नावेंतून न्यूयॉर्कला कामावर जात असतां त्याला उलटी कल्पना सुचली. परत येणारा अंश मिळविण्याऐवजीं वजा केला तर? हातांतल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यानें आकृति काढली. असा वजा होणारा परतावा दिला कीं आवाजाची वाढ कमी होते, पण यंत्राचे स्वतःचे दोष त्याहून कमी होतात, आणि नाद शुद्ध राहतो. दूरध्वनीच्या लांब तारांना त्यानें स्थैर्य आलें. आणि घरोघरच्या ध्वनियंत्रांतही हें तत्त्व मुरलेलें आहे. म्हणजे फेरा एकच. तो कोणत्या बाजूनें आणि किती फिरवावा यावर किंकाळी किंवा शांति अवलंबून.

वहिनींचा प्रश्न

देवळाली प्रवरा येथें आमचें कुटुंब अद्याप एकत्र आहे. सणावारीं चौदा पानें होतात. पुतण्याचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकतो. त्यानें शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून एक वापरलेला सिंथेसायझर विकत घेतला, आणि दिवाळीच्या सुटींत तो माडीवर मांडला. संगणकाच्या पडद्यावर चालणारा प्रकार हा नव्हे. लांकडी बाजूंची एक पेटी, पुढें तीन सप्तकांच्या पट्ट्या, आणि वर ओळीनें नॉब. आंत ऑसिलेटर विजेचीं आंदोलनें उत्पन्न करतो, फिल्टर म्हणजे नादाची गाळणी त्यांतले नको ते अंश गाळते, आणि उरलेलें स्पीकरवाटे बाहेर येतें.

पहिले दोन दिवस सूर आले. तिसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेला माडीवरून किंकाळ्या येऊं लागल्या. त्याची आजी, म्हणजे आमच्या वहिनी, देवापाशीं दिवा लावीत होत्या. त्यांनीं वरून त्याला खालीं बोलाविलें.

"यंत्र बिघडलें असेल तर ज्याचें त्याला परत कर," त्या म्हणाल्या.

"बिघडलेलें नाहीं, आजी. मी मुद्दाम तसें करतों आहें."

'मुद्दाम' या शब्दानें प्रकरण चिघळलें. मुलाच्या वडिलांनीं आईची बाजू घेतली. परीक्षा तोंडावर असतां हे उद्योग नकोत, यंत्र विकून टाकावें, असें ठरत आलें. मुलगा जेवायला बसला तरी बोलेना. अशा वेळीं घरांतल्या निवृत्त मास्तराकडे प्रकरण येतें, तसें तें आलें. मीं वहिनींना विचारलें, कीं आपली हरकत आवाजाला आहे कीं यंत्राला? वहिनींनीं पुष्कळ वर्षें भजनी मंडळांत पेटी वाजविली आहे. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "भावोजी, पेटीचा भाता सोडला कीं पेटी गप्प बसते. याचा भाता कोठें आहे, तेवढें त्याला दाखवायला सांगा."

इतका नेमका प्रश्न मुलाच्या अध्यापकांनींही त्याला विचारला नसेल. कारण पेटीचा सूर हासुद्धां परतीच्या फेऱ्याचाच खेळ आहे. पट्टी दाबली कीं भात्याची हवा पितळेच्या एका पातळ जिभेजवळून वाट काढते. हवेनें जीभ हलते. जीभ हलली कीं हवेची वाट कमीजास्त होते. वाट बदलली कीं दाब बदलतो. आणि तो बदललेला दाब जिभेला पुन्हां हलवितो. भाता ऊर्जा पुरवितो आहे तोंवर हा फेरा चालू राहतो. बांसरींतही फुंकेची धार आणि नळींतला वायु यांच्यांत असाच फेरा असतो. तंबोऱ्याची गोष्ट निराळी. मिरजेच्या कारागिरांनीं जवारी कितीही सुरेख लावलेली असो, छेडलेली तार क्रमाक्रमानें विझणारच. तिला मागून ऊर्जा पुरविणारा कोणी नसतो. म्हणून तंबोरा पुनःपुन्हां छेडावा लागतो, आणि पेटी भाता चालेल तोंवर गाते.

सिंथेसायझरमध्यें भात्याचें काम वीज करते, आणि फेऱ्याची दोरी एका नॉबच्या हातीं असते. मुलानें तो नॉब आजीला दाखविला. तो शून्यावर आणतांच किंकाळी थांबली. वहिनींनीं तो स्वतः फिरवून पाहिला. दोनदां वाढविला, दोनदां उतरविला. यंत्र विकण्याची गोष्ट त्या दिवसापुरती मागें पडली.

फेरा कसा घालावा

ज्यांच्या घरीं असें वाद्य आहे त्यांच्यासाठीं फेरा घालण्याचे चार प्रकार येथें सांगतों.

पहिला फेरा गाळणीच्या पोटांतच असतो. अमेरिकेंतील रॉबर्ट मूग यांच्या प्रसिद्ध गाळणीला १९६९ सालीं पेटंट मिळालें. तींत शिडीच्या पायऱ्यांसारखे एकापुढें एक चार टप्पे आहेत. गाळणीच्या सीमेवरचा स्वर घेतला, तर प्रत्येक टप्प्यांत तो सुमारें ०.७०७ पट होतो आणि एका आंदोलनाच्या आठव्या हिश्शानें मागें पडतो. चार टप्प्यांनंतर तो बरोबर चतुर्थांश उरतो आणि अर्ध्या आंदोलनानें मागें पडतो, म्हणजे उलटा होतो. त्याला आणखी एकदां उलटवून मुखाकडे परत दिला कीं तो आपल्या पावलावर येतो. आणि परतावा चौपट केला कीं चतुर्थांशाचा एक होतो. तेथें गाळणी गाऊं लागते! ऑसिलेटर पूर्ण बंद असले तरी शुद्ध, गोल असा स्वर निघतो. या परताव्याच्या नॉबवर बहुधा 'रेझोनन्स' असें लिहिलेलें असतें. शेजारच्या 'कटऑफ'च्या नॉबनें तो स्वर चढवितां-उतरवितां येतो. हा प्रयोग सर्वांत सोपा, आणि प्रथम हाच करावा. चौपटीच्या किंचित् अलीकडे थांबलें तर गाळणी स्वतः गात नाहीं, पण तिच्यांतून जाणाऱ्या प्रत्येक नादाला आपला रंग देते.

दुसरा फेरा बाहेरून, तारेनें घालावयाचा. १९७० सालच्या मिनीमूग या वाद्याला बाहेरचा आवाज आंत घेण्याचें एक छिद्र होतें, आणि हेडफोन लावण्याचें दुसरें. वादकांनीं एका तारेनें दोन्ही जोडलीं. वाद्याचा आवाज त्याच्याच मुखांत गेला, आणि मृदु सूर दाणेदार, भरड व जाड झाला. १९७८ सालच्या कॉर्ग एमएस-२० या वाद्यावरही हें करतां येतें. २०१२ सालीं आलेल्या मिनीब्रूट या फ्रेंच वाद्यांत तर निर्मात्यांनीं ही तार आंतच बसवून तिला एक स्वतंत्र नॉब दिला. तार जोडण्यापूर्वीं स्पीकरचा आवाज अगदीं उतरवावा, परताव्याचा नॉब शून्यावर ठेवावा. मग एका हातानें एकच नॉब मुंगीच्या पावलानें चढवावा. सूर जाड होऊं लागला कीं थांबावें. सूर बोलेनासा होऊन यंत्रच बोलूं लागलें कीं एक पाऊल मागें यावें.

तिसरा फेरा प्रतिध्वनीचा. आवाज कांहीं काळ धरून मागाहून सोडणारें 'डिले' नांवाचें साधन असतें. त्याचा निघालेला आवाज त्यालाच परत दिला कीं एका हांकेच्या अनेक हांका होतात. परतावा निम्मा असेल तर चारसहा हांकांत शांतता येते. एकाच्या जवळ असेल तर हांक कितीतरी वेळ घुमत राहते. या वाटेंत एखादी गाळणी बसविली तर प्रत्येक हांक आधींच्याहून अधिक मऊ होत दूर जाते. ऐकावयास हा प्रकार सर्वांत सुखद.

चौथा फेरा यामाहाच्या डीएक्स-७ या १९८३ सालच्या वाद्यानें सर्वत्र नेला. त्यांत सहा ऑसिलेटर आहेत, आणि ते एकमेकांस ३२ रीतींनीं जोडतां येतात. प्रत्येक रीतींत कोठेंतरी एक परतीची वाट ठेवलेली आहे, आणि तिची मात्रा शून्यापासून सातापर्यंत. आंदोलन आपल्याच निघालेल्या नादानें आपलेंच पाऊल पुढेंमागें सारतें. मात्रा थोडी दिली कीं साध्या स्वराला धार येते. फार दिली कीं स्वर मोडून नुसती खरखर उरते.

चारही प्रकारांत वादकाचें काम एकच: परतावा एकाच्या उंबरठ्यापर्यंत नेणें आणि तेथें तोल सांभाळून उभें राहणें.

अहमदाबाद आणि मुंबई

हें सारें परदेशचें कौतुक आहे असें कोणास वाटेल, तसें नाहीं. १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत मूग सिंथेसायझरसह एक ध्वनिशाळा उभी राहिली. ती मांडण्यास अमेरिकेहून डेव्हिड ट्यूडर आले होते, आणि परतीचा फेरा हाच ट्यूडर यांचा आवडता विषय होता. दुसऱ्याच वर्षीं, १९७० सालीं, ओसाका येथील जागतिक प्रदर्शनांत त्यांनीं माईक आणि स्पीकर यांच्यांतील फेऱ्यावरच एक रचना उभारली. अहमदाबादच्या ध्वनिशाळेंत गीता साराभाई यांचीही रचना झाली. याच विदुषींनीं १९४६ सालीं न्यूयॉर्क येथें जॉन केज या संगीतकारास भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. तेथील आय. एस. माथुर यांनीं आपल्या एका यंत्ररचनेला 'मी एकदां तंबोरा वाजविला' अशा अर्थाचें नांव दिलें, हें मला फार बोलकें वाटतें. संस्थेच्या संग्रहांत पडून राहिलेल्या या ध्वनिफिती पॉल पर्गस या संशोधकानें शोधल्या, आणि १९६९ ते १९७२ या काळांतील निवडक रचना २०२३ सालीं प्रसिद्ध झाल्या.

मुंबईचें उदाहरण याहून जवळचें. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं यमन, भूपाळी, तोडी, मालकंस असे दहा राग नृत्याच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर वाजवून त्यांची तबकडी काढली. त्यांनीं वापरलेलें रोलंड कंपनीचें टीबी-३०३ हें लहानसें यंत्र विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्याची गाळणीही परताव्यावर चालते, पण तो परतावा पुरा चढविला तरी गाळणी स्वतः गाऊं लागत नाहीं. उंबरठ्याच्या अलीकडेच थांबते. तेथें थांबल्यामुळेंच त्याच्या सुराला तो ओलसर, मुरडणारा उच्चार येतो. तबकडी त्या काळीं फारशी खपली नाहीं. पुढें २०१० सालीं ती पुन्हां निघाली, तेव्हां पाश्चात्त्य श्रोत्यांनीं तिच्याकडे आश्चर्यानें पाहिलें, कारण त्यांच्याकडे तशा सुरांचें नृत्यसंगीत तिच्या मागून कांहीं वर्षांनीं जन्मास आलें होतें.

कान आणि मंडप

आतां वडीलधाऱ्यांच्या काळजीचा भाग. तिच्यांत तथ्य आहे. परतीचा फेरा निमिषार्धांत वाढतो, म्हणून हेडफोन कानांस लावून हे प्रयोग कधींही करूं नयेत. प्रथम स्पीकरवर, तोही मंद ठेवून, करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबेलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणें सुरक्षित. त्यापुढें दर ३ डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८९ डेसिबेलला पांचच तास उरतात. कानाच्या आंतील सूक्ष्म केसरपेशी एकदां मेल्या कीं माणसाच्या देहांत त्या पुन्हां उगवत नाहींत. हें मुलांना रागावून नव्हे, समजावून सांगावें.

मंडपांतल्या मंडळींनींही चार गोष्टी पाळाव्या. भोंगे वक्त्याच्या पुढें, श्रोत्यांकडे तोंड करून असावे. माईक त्यांच्या पाठीमागें. वक्त्यानें माईक तोंडाजवळ धरावा. अंतर निम्में केलें कीं माईकला शब्द सुमारें ६ डेसिबेलनें मोठा मिळतो, आणि तेवढा अँप्लिफायर उतरवितां येतो. माईकची जाळी मुठींत धरूं नये. बाजूचा आवाज टाळण्याची त्याची शक्ति त्यानें जाते. आणि जो बोलत नाहीं त्याचा माईक बंद असावा. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली कीं शिट्टीपासूनचें अंतर ३ डेसिबेलनें कमी होतें. शिट्टी आली म्हणजे बुवांना 'जोरानें बोला' म्हणणें आणि मागून आवाजही चढविणें, यांतील दुसरा उपाय हा रोगच आहे.

माडीवरचें यंत्र अद्याप माडीवर आहे. दिवेलागणीच्या वेळीं तें बंद असतें, परीक्षेच्या महिन्यांत त्यावर चादर पडते, हें मुलानें स्वतःहून कबूल केलें. वहिनींनीं आपल्या टिकल्यांच्या पाकिटांतली एक लाल टिकली काढून परताव्याच्या नॉबपाशीं, जेथें शिट्टी सुरू होते तेथें, चिकटविली आहे. गाळणीचा स्वर बदलला किंवा तार दुसरीकडे जोडली कीं ती जागा चुकते. मग मुलगा हांक मारतो, वहिनी जिना चढून वर जातात, दोघें कान देऊन नवी जागा ठरवितात, आणि टिकली उचलून तेथें लावतात.